रक्त म्हणजे भाताचे शेत नव्हे

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडे ज्यांची शेती आहे, त्यांना ‘आम्ल’ या शब्दाची ओळख करून द्यावी लागत नाही. डोंगराकडच्या आमच्या तांबड्या जमिनीवर पाऊस असा कोसळतो की मातीतला चुना विरघळून वर्षानुवर्षे ओढ्याला जातो आणि जमीन आंबट होते. मातीचा नमुना तपासायला दिला की कागदावर सामू साडेपाचच्या आसपास लिहून येतो. मग आपण चुना घालतो. याच बेळगाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत, नेमके उलटे दुखणे आहे. तिथे पाणी अति दिल्याने क्षार वर आले आणि जमिनी चोपण झाल्या. तिकडचा शेतकरी जिप्सम टाकतो, चर खणतो आणि निचऱ्याची वाट पाहतो.

जमीन बिघडली की पीक बसते आणि योग्य ते घातले की उठते, हे आपण डोळ्यांनी पाहिलेले आहे. म्हणूनच कोणी येऊन म्हणाला, “जसे शेत तसे शरीर. तुमचे रक्त आम्ल झाले आहे. त्यामुळेच मधुमेह, सांधेदुखी आणि कर्करोग होतात. अल्कली आहार घ्या, सगळे बरे होईल,” तर शेतकऱ्याला ते चटकन पटते. मलाही पहिल्यांदा पटले होते. आज त्या पटण्याच्या विरुद्ध लिहायला बसलो आहे, कारण त्याची किंमत एका भल्या माणसाला मोजावी लागताना मी पाहिली.

मास्तरांचे अकरा दिवस

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. सारा गाव त्यांना मास्तर म्हणतो. मधुमेह जुना आणि शेवटची काही वर्षे रोज इन्सुलिनची सुई. २०२२ च्या उन्हाळ्यात जवळच्या गावी एक मोफत आरोग्य शिबिर भरले. येताना सकाळची लघवी बाटलीतून आणा, असा निरोप होता. शिबिरातल्या माणसाने तिच्यात कागदाची पट्टी बुडवली आणि ती पिवळी झालेली दाखवून सांगितले, “तुमचे शरीर पूर्ण आम्ल झाले आहे.” हातात एक छापील तक्ता दिला. डावीकडे ‘आम्ल, टाळा’ : भात, भाकरी, डाळ, अंडी, मासे, मटण, दूध. उजवीकडे ‘अल्कली, खा’ : काकडी, पालक, लिंबू, बदाम. शेवटी नळाला लावायचे पाण्याचे एक यंत्र दाखवले. किंमत लाखाच्या घरात. मास्तरांची पेन्शन बेताची, म्हणून यंत्र राहिले. पण पाण्यात टाकायचे थेंब आणि तो तक्ता ते घरी घेऊन आले.

चार दिवसांनी मी सहज विचारले, “मास्तर, तब्येत कशी आहे?”

ते म्हणाले, “अरे, आता रोगाचं मूळच धरलंय. रक्त अल्कली झालं की साखर आपोआप उतरते म्हणतात. मग सुई कशाला टोचून घ्यायची?”

मी गप्प बसलो. वयाने मोठे, शिकलेले गृहस्थ. त्यांना आपण काय सांगणार, असे मला वाटले. ते गप्प बसणे मला आजही सलते.

अकराव्या दिवशी रात्री बाईंनी कुंपणापलीकडून हाक मारली, “जरा येता का? हे कसंतरीच करायला लागलेत.” जाऊन पाहतो तो मास्तरांना उलट्या होत होत्या, तोंड कोरडे पडले होते आणि चढण धावत चढून आल्यासारखा खोल, भराभर श्वास चालला होता. जीपमध्ये घालून बेळगावला नेले. डॉक्टरांनी रक्त तपासले. सामू ७.१.

इन्सुलिन नसेल तर शरीराला रक्तातली साखर वापरता येत नाही. मग ते चरबी जाळू लागते. चरबी अशी बेसुमार जळू लागली की कीटोन नावाची आम्ले तयार होतात आणि रक्तात साठतात. इन्सुलिन सुरू केले, शिरेतून सलाईन दिले, तेव्हा चार दिवसांनी मास्तर माणसांत आले.

यातली गोम पाहा. शिबिराला मास्तर आपल्या पायांनी चालत गेले होते. रक्ताचा सामू ७.१ झालेला माणूस शिबिराला चालत जात नाही, त्याला उचलून इस्पितळात न्यावे लागते. म्हणजे नसलेली आम्लता घालवण्यासाठी त्यांनी सुई सोडली, आणि सुई सोडल्यामुळे खरी आम्लता ओढवली. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, अशी म्हण आहे. इथे तर दुखणे नसताना डाग दिला गेला.

सामू कशाला म्हणतात

सामूची मोजपट्टी १९०९ मध्ये सोरेन्सन या शास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत तयार केली. ७ म्हणजे ना आम्ल ना अल्कली. त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. ही पट्टी साध्या फूटपट्टीसारखी नाही. एक अंक खाली गेला की आम्लता दहापट होते. म्हणून छोटा फरकही मोठा असतो. निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ यांच्या दरम्यान असतो. ७.४ वरून ७.१ वर उतरणे कागदावर क्षुल्लक दिसते, पण त्याचा अर्थ रक्तातली आम्लता दुप्पट झाली.

आता विचार करा. भाताचा सामू वेगळा, कोकमाच्या सारातला वेगळा, आमच्या माडाच्या व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या मांसाचा तर फारच वेगळा. सणाच्या दिवशी आपण हे सगळे एका ताटात जेवतो. जेवणानुसार रक्ताचा सामू हलत असता, तर सणाची संध्याकाळ कोणीच पाहिली नसती.

तीन राखणदार

शरीरात आम्ल तयार होते, हे खरेच आहे. मांस, मासे, अंडी, डाळी आणि धान्ये यांतल्या प्रथिनांत गंधक असतो. त्याचे शेवटी गंधकाम्ल होते. उलट भाज्या आणि फळे यांत पोटॅशियमबरोबर आलेली सायट्रिकसारखी आम्ले शरीरात जळून जातात आणि मागे अल्कली उरते. लिंबू जिभेला आंबट असूनही अल्कलीच्या रकान्यात बसते, ते यामुळे. इथपर्यंत तक्तेवाल्यांचे म्हणणे चूक नाही. चूक होते ती पुढच्या पायरीवर. हे आम्ल रक्तात साठत राहते, असे ते धरून चालतात.

ते साठू नये म्हणून तीन राखणदार अहोरात्र जागे असतात. पहिला राखणदार रक्तातच आहे. खाण्याच्या सोड्यात असते तेच बायकार्बोनेट रक्तात विरघळलेले असते, आणि आलेल्या आम्लाला ते तिथल्या तिथे शमवते. वाळूच्या जमिनीपेक्षा भारी जमिनीचा सामू हलवायला चुना जास्त लागतो, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. रक्त या बाबतीत भारी जमिनीसारखे चिवट आहे.

दुसरा राखणदार म्हणजे श्वास. अन्न जळून जो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो रक्तात आम्लासारखा वागतो. दिवसभरात असे जितके आम्ल आपण उच्छ्वासातून बाहेर टाकतो, त्याच्या मानाने जेवणातून येणारे दुसरे आम्ल शंभराव्या हिश्श्याच्या आसपासही कष्टाने भरते. रक्त जरा आम्ल झाले की मेंदू श्वास वाढवतो आणि मिनिटांत हिशेब जुळतो. मास्तरांचा तो धापा टाकल्यासारखा श्वास म्हणजे याच राखणदाराची शर्थीची झुंज होती.

तिसरा राखणदार म्हणजे मूत्रपिंडे, आपण ज्यांना किडन्या म्हणतो त्या. श्वासावाटे न जाणारे आम्ल त्या लघवीतून बाहेर टाकतात आणि खर्च झालेले बायकार्बोनेट पुन्हा तयार करतात. त्यांचे काम सावकाश चालते, तासांत आणि दिवसांत, पण पक्के.

शेत आणि शरीर यांत फरक आहे तो हाच. शेताला फुफ्फुसे नाहीत आणि मूत्रपिंडेही नाहीत. बिघडलेले शेत स्वतःला सावरू शकत नाही, म्हणून त्याला धन्याच्या हातचा चुना लागतो.

चराचे पाणी तपासून शेताची परीक्षा

शिबिरात पट्टी पिवळी झाली ती कशी, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर पावणेदोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये क्लॉद बर्नार या थोर शरीरशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत मिळाले होते. बाजारातून आणलेल्या सशांची लघवी स्वच्छ आणि आम्ल आहे, हे त्यांच्या लक्षात आले. गवत खाणाऱ्या प्राण्याची लघवी गढूळ आणि अल्कली असायला हवी. त्यांनी तर्क केला की हे ससे उपाशी आहेत आणि स्वतःच्या अंगचे मांस जाळून जगत आहेत. सशांना गवत घातले, लघवी अल्कली झाली. उपाशी ठेवले, पुन्हा आम्ल. उकडलेले मांस खाऊ घातले, तरीही आम्ल. आहाराने लघवीचा सामू बदलतो, हे तेव्हापासून पक्के ठाऊक आहे. माणसाच्या लघवीचा सामू साडेचारपासून आठपर्यंत कुठेही असू शकतो, आणि रात्रभर पोट रिकामे राहिल्यावर सकाळची लघवी बहुतेकांची आम्लच असते. सकाळचीच का मागवली असेल, हे वाचकांनी ओळखावे.

कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात सांगता येईल. चोपण जमिनीत निचऱ्याचा चर खणला आणि चरातून खारे पाणी वाहू लागले, तर तो घाबरतो का? उलट चर काम करू लागला म्हणून समाधान मानतो. आम्ल लघवी म्हणजे तेच चराचे पाणी. बाहेर पडायचे ते बाहेर पडत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

यंत्राचे पाणी

यंत्राच्या पाण्याचा हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येईल. त्या पाण्याचा सामू ९ आहे असे धरू. जठरातल्या रसाचा सामू दीड ते साडेतीन असतो, आपण २ धरू. केवळ सामूवरून हिशेब केला, तर एक लिटर यंत्राच्या पाण्यातली सगळी अल्कली शमवायला जठररसाचा एक मिलिलिटर पुरतो. एक मिलिलिटर म्हणजे काही थेंब. पाण्यात विरघळलेले इतर क्षार असतील तर थोडे अधिक लागेल, पण तसे क्षार आपल्या विहिरीच्या पाण्यातही असतात, आणि विहिरीला कोणी लाखभर रुपये मागत नाही.

हाडांचे आणि कर्करोगाचे भय

आम्ल शमवण्यासाठी शरीर हाडांतला चुना काढते, म्हणून मांस-मासे खाणाऱ्यांची हाडे झिजतात, असेही सांगतात. १९६० च्या दशकात काही डॉक्टरांनी हा तर्क गंभीरपणे मांडला होता. पुढे तपासण्या झाल्या. प्रथिने जास्त खाल्ली की लघवीतून चुना थोडा जास्त जातो, हे खरे निघाले. पण आतड्यातून तो जास्त शोषलाही जातो, आणि पुरेशी प्रथिने खाणाऱ्यांची हाडे त्यामुळे दुबळी ठरत नाहीत.

कर्करोगाबाबत ऑटो वारबुर्ग यांचे नाव घेतात. त्यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पेशींच्या श्वसनातील विकराच्या शोधासाठी. कर्करोगाच्या पेशी साखर आंबवून भरपूर लॅक्टिक आम्ल तयार करतात, हे त्यांनी दाखवले, तेही खरे. पण तिथे आम्ल हा गाठीचा परिणाम आहे. गाठ आम्ल करते, आम्लाने गाठ होत नाही. काकडी खाऊन गाठीभोवतालचा सामू बदलत नाही. आहारातले आम्ल, अल्कली पाणी आणि कर्करोग यांविषयी तोवर झालेला अभ्यास कॅनडातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एकत्र तपासला. या उपचाराला आधार देणारा पुरावा त्यांना सापडला नाही.

ही शिकवण जगभर नेणाऱ्यांत अमेरिकेतले रॉबर्ट यंग अग्रभागी होते. परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले आणि २०१७ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. स्तनाच्या कर्करोगाच्या एका रुग्ण बाईने त्यांच्या सल्ल्यावर विसंबून डॉक्टरी उपचार टाळले होते. २०१८ मध्ये तिला साडेदहा कोटी डॉलरची भरपाई द्यावी, असा निकाल लागला. पैसा मिळेलही, पण हातचा गेलेला काळ परत येत नाही.

ताटातले काय काढता?

मला मोठ्या माणसांपेक्षा मुलांची आणि गरोदर बायांची जास्त काळजी वाटते. तक्ता घरात आला की तो चुलीपर्यंत पोचतो. आपल्या घरांत रोजच्या जेवणात प्रथिने येतात ती बांगडा-तारल्यांतून, अंड्यातून, डाळीतून आणि कपभर दुधातून. नेमके हेच तक्त्यात डावीकडे लिहिले आहे. मोठ्यांनी मासे सोडले तर ते चार दिवसांनी कंटाळून परत धरतील. पण वाढत्या मुलाच्या ताटातले अंडे गेले किंवा रक्त कमी असलेल्या सुनेच्या ताटातला मासा गेला, तर ती तूट कोणती काकडी भरून काढणार?

खऱ्याला खरे म्हणावे

उलटीकडचेही सांगितले पाहिजे. हा आहार धरून अनेकांना बरे वाटते, आणि ते खोटे बोलत नसतात. तळलेले, गोड आणि खारवलेले कमी झाले, तांबडी भाजी, शेवग्याचा पाला, भोपळा आणि पेरू वाढले, की वजन उतरते, रक्तदाब उतरतो आणि पोट साफ होते. त्याचे श्रेय पोटॅशियमला, चोथ्याला आणि कमी झालेल्या मिठाला आहे. दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या-फळे खावीत आणि मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परसात चार वाफे काढले तर यातले बरेचसे फुकट मिळते.

दोन ठिकाणी आम्ल-अल्कलीचा विचार खरोखरच करावा लागतो. युरिक आम्लाचे मूतखडे होत असतील तर लघवी कमी आम्ल करण्याचे औषध डॉक्टर देतात. पण दुसऱ्या एका जातीचे खडे अल्कली लघवीतच वाढतात, म्हणून खडा कोणता हे आधी कळायला हवे. मूत्रपिंडे निकामी होत चालली असतील तर तिसरा राखणदारच दमलेला असतो. तिथे रक्तात आम्ल खरेच साठते आणि डॉक्टर मोजून सोड्याच्या गोळ्या देतात. मात्र अशाच रुग्णाला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. ‘अल्कली’ म्हणून पाजलेले शहाळे किंवा पोटॅशियम असलेले कमी सोडियमचे मीठ त्याचे हृदय बंद पाडू शकते.

राहिले आपले नेहमीचे ‘पित्त’. छातीत जळजळते ती जठरातला आम्ल रस वर अन्ननलिकेत आल्यामुळे. त्याचा रक्ताच्या सामूशी संबंध नाही. जठरात आम्ल हवेच, ते अन्न पचवते आणि जंतू मारते. रात्री उशिरा जेवून लगेच आडवे होणे, तंबाखू, दारू आणि रिकाम्या पोटी घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या आधी सोडाव्यात. पोटातल्या व्रणामागे बहुधा एक जंतू असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या मार्शल आणि वॉरन यांनी १९८२ पासून दाखवून दिले आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यावर औषध आहे. रोज चमचाभर खाण्याचा सोडा पिणे हा उपाय नव्हे. एका चमच्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम पोटात जाते, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या निम्म्याहून अधिक. आणि छातीतल्या कळीबरोबर घाम सुटला, हात किंवा जबडा दुखू लागला, तर ‘पित्त असेल’ म्हणत बसू नये, तडक इस्पितळ गाठावे.

वाचकांना विनंती

माझे म्हणणे थोडक्यात असे. भाजी जरूर वाढवा, पण भीतीपोटी अंडी-मासे सोडू नका. लघवीच्या पट्टीवरून कोणी रक्ताचा निकाल सांगू लागला, तर “माझ्या रक्ताचा सामू तुम्ही मोजला का?” एवढे विचारा. सभागृह ज्यांच्या हाती असते, त्यांनी मोफत शिबिराला जागा देण्याआधी तिथे काय विकले जाणार आहे ते पाहावे, आणि डॉक्टर असतील तर त्यांची नोंदणी विचारावी. यात कोणाचा अपमान नाही.

आणि कोणी सुई किंवा गोळी बंद केल्याचे कानावर आले, तर माझ्यासारखे गप्प बसू नका. वयाने मोठा असो, शिकलेला असो, त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा. फार तर तो रागावेल.

मास्तर आता नेमाने सुई घेतात. गेल्या पावसाआधी त्यांनीच मला हटकले, “काय रे, यंदा शेतात चुना घातलास का?” मी म्हटले, “घातला, मास्तर.” ते हसून म्हणाले, “शेतातच घाल.”